दोन सह्यांशिवाय हल्ला नाही

रक्ताचा रिपोर्ट हाती आला की मराठी घरातले प्रत्येक माणूस निम्मे डॉक्टर होते. हिमोग्लोबिनची ओळ वाचून आई बीट आणि खजूर आणायला सांगते, प्लेटलेटच्या ओळीवर आत्याला पपईच्या पानांचा रस आठवतो, आणि 'टोटल काउंट'पुढे ११,०००च्या वरचा आकडा दिसला की गंभीर आवाजात जाहीर होते, "पांढऱ्या पेशी वाढल्यात." वाढल्या हे चांगले की वाईट, यावर मात्र एकमत होत नाही. आजोबांच्या हिशेबात पेशी वाढल्या म्हणजे दुखणे वाढले. नातवाच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याच पेशी शरीराच्या सैनिक असतात. तेव्हा त्याच्या मते भरती जोरात चालू आहे आणि काळजीचे कारण नाही.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. घोटाळा केला आहे तो पुस्तकातल्या चित्राने. डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला अशी पांढरी पेशी आणि समोर शिंगे उगवलेला हिरवा जंतू. सैन्य म्हटले की सेनापती आला, रणशिंग आले, हुकूम होताच धावत सुटणारे वीर आले. शरीरात यातले काही नाही. मेंदूला बहुतेक लढायांची खबरही नसते. डोके दुखू लागले की त्याला कळते, काहीतरी चालू आहे. पेशींचा कारभार जवळून पाहिला तर तो छावणीपेक्षा तालुक्याच्या कचेरीशी अधिक जुळतो. दारात रोजंदारीची माणसे, आत कायम सेवेतले कर्मचारी, आवक-जावक, पंचनामा, टिपणी, सही, दुसरी सही, आणि सगळ्यांत मागे धूळ खात पडलेले पण वेळेला नेमके सापडणारे दप्तर.

या कचेरीचा पत्ता लागला तो एका सर्कशीच्या कृपेने. १८८२ साली एली मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावर मेसिना इथे मुक्कामाला होते. एक दिवस घरची सगळी मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडे पाहायला गेली आणि मेचनिकॉफ मागे राहिले ते सूक्ष्मदर्शक घेऊन. समोर तारामाशाची काचेसारखी पारदर्शक पिल्ले. त्यांच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या काही पेशी दिसत. या पेशी नुसत्याच हिंडतात, की बाहेरचे कुणी घुसले तर चौकशीला जातात? मेचनिकॉफांनी बागेतल्या गुलाबाचे काटे आणून पिल्लांच्या कातडीखाली खुपसले आणि रात्र तळमळत काढली. सकाळी पाहतात तर प्रत्येक काट्याभोवती पेशींचा गराडा. माकडांनी त्या दिवशी काय खेळ केले ते इतिहासाला ठाऊक नाही. घरी मात्र एक नवे शास्त्र जन्माला आले होते.

जर्मन विद्वानांना हे पटले नाही. एमिल फॉन बेरिंग आणि मंडळींचे म्हणणे असे, की जंतूंचे विष उतरवणारा गुण पेशींत नसून रक्ताच्या पाण्यात असतो. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे शोधनिबंधांची फेकाफेक चालली. अखेर १९०८ सालचे नोबेल मेचनिकॉफ आणि रक्तद्रव्यवाल्यांचे अग्रणी पाउल एर्लिख यांना निम्मे-निम्मे वाटून समितीने तंटा मिटवला. पुढे दोन्ही पक्ष बरोबर होते असेच निघाले. समितीने दोन्हीकडच्यांना खूश करावे आणि तो निर्णय शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर ठरावा, असे फार क्वचित घडते.

पायात खिळा घुसला की सगळ्यांत आधी हजर होतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी. ही रोजंदारीवरची माणसे. आपली अस्थिमज्जा दिवसाला साधारण १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार करते. आकडा एखाद्या महामार्गाच्या अंदाजपत्रकातला वाटतो, पण तो सामान्य माणसाच्या हाडांतला आहे आणि रोजचा आहे. त्यांचे आयुष्य एखाद-दोन दिवसांचे. नेमणूकपत्र नाही, निवृत्तिवेतन नाही. यायचे, दिसेल तो जंतू गिळायचा आणि जागच्या जागी मरायचे. त्यांच्या प्रेतांचा ढीग म्हणजे पू. गळू पिकल्यावर लोक समाधानाने "आता फुटेल" म्हणतात, तेव्हा त्यात कोट्यवधी मजूर कामी आलेले असतात. पोराच्या नाकातून तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो हिरवा ऐवज येतो त्याचा रंगही जंतूंचा नव्हे. न्यूट्रोफिलच्या पोटात मायलोपेरॉक्सिडेझ नावाचा जंतू मारणारा विकर असतो, तो मुळात हिरवा. "डॉक्टर, शेंबूड हिरवा झालाय, आता तरी अँटिबायोटिक द्या," असे म्हणणारी आई खरे तर आपल्याच मजुरांच्या हजेरीपटाची प्रत सादर करत असते.

आणि मेल्यावरही सुटका नाही. २००४ साली बर्लिनच्या संशोधकांनी दाखवले, की जंतू आवरेनासे झाले की न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर फेकते आणि त्याच्या चिकट जाळ्यात जंतूंना अडकवते. घराण्याचा सात-बाराच फाडून त्याचा फास करायचा, म्हणजे निष्ठेची हद्द झाली.

कायम सेवेतल्या पेशींची तऱ्हा वेगळी. मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षक पेशी फुफ्फुसात, यकृतात, कातडीत आपापले टेबल धरून वर्षानुवर्षे बसलेल्या असतात. त्यांच्या चिकाटीचा सर्वांत सुंदर पुरावा आजीच्या हातावर असतो. गोंदण साठ वर्षे टिकते याचे श्रेय गोंदणाऱ्या बाईच्या हाताला दिले जाते. प्रत्यक्षात शरीराच्या दृष्टीने तो रंग म्हणजे कातडीत घुसलेला कचरा. महाभक्षक पेशी तो इमानेइतबारे गिळतात. पचवता मात्र येत नाही, म्हणून पोटात धरून बसतात. पण पेशी अमर नसते, मग रंग कसा राहतो? २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदवून याचे उत्तर काढले. जुनी पेशी मेली की तिच्या पोटातला रंग सांडतो आणि नवी आलेली पेशी तो जसाच्या तसा ताब्यात घेते. कचेरीत याला 'चार्ज घेणे' म्हणतात. हनुवटीवरचे तीन ठिपके आणि हातावरची तुळस हे असे निकाली न निघालेले प्रकरण आहे, आणि कितीतरी पेशींनी ते एकमेकींकडून विनातक्रार स्वीकारले आहे. लेझरने शाईचा भुगा केला तरी शेजारच्या टेबलावरची पेशी त्यातला काही उचलून पुन्हा पोटात ठेवते. कॉलेजातल्या प्रेमाचे नाव दंडावरून घालवायला इतक्या बैठका का लागतात, याचे हे एक कारण.

इथवरच्या पेशी कुणालाही फारसे ओळखत नाहीत. "हा आपल्यातला दिसत नाही" एवढ्या ढोबळ शेऱ्यावर त्यांचे काम चालते. अमुक एका जंतूवर नेमकी कारवाई करायची तर पंचनामा लागतो. तो करणारी ती डेंड्रिटिक पेशी. अंगभर फांद्या फुटलेली ही पेशी कातडी, नाक, घसा, आतडे अशा सरहद्दीच्या सज्जांवर तलाठ्यासारखी नेमलेली असते. जंतू गिळायचा, त्याचे तुकडे करायचे, ते तुकडे अंगावर टाचून घ्यायचे आणि जवळच्या लसिका ग्रंथीची वाट धरायची, एवढे तिचे काम.

१९७३ साली न्यूयॉर्कमध्ये राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी तिचे वर्णन केले, तेव्हा असली काही निराळी पेशी आहे यावर पुष्कळ जण विश्वास ठेवायला तयार नव्हते. स्टाइनमन चिवट होते. पुढे त्यांनाच स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी आपल्याच डेंड्रिटिक पेशी तयार करून स्वतःवर उपचार करवून घेतले. ३ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांना नोबेल जाहीर झाले आणि काही तासांत कळले, की तीन दिवसांपूर्वीच त्यांचे निधन झाले आहे. मृत व्यक्तीला नोबेल देता येत नाही असा नियम. समितीने नियम पुन्हा वाचला आणि निर्णय घेतला तेव्हा आम्हांला ते जिवंत वाटत होते, या मुद्द्यावर पारितोषिक कायम ठेवले. एवढी माणुसकीची पळवाट सरकारी नियमांत सहसा सापडत नाही.

लसिका ग्रंथी ही खरी कचेरी. शरीरात अशा पाच-सहाशे आहेत. पायाला ठेच लागून चिघळली की जांघेत अवधाण येते, घसा बसला की जबड्याखाली गाठी लागतात. ती त्या त्या भागातल्या कचेरीत झालेली गर्दी. मुंबईने या कचेऱ्यांची सर्वांत भयंकर अवस्था १८९६च्या प्लेगमध्ये पाहिली. प्लेगचा जंतू पेशींच्या पोटात बसून थेट कचेरी गाठतो आणि तिथेच मुक्काम ठोकून वाढतो. काखेतली, जांघेतली ती कुप्रसिद्ध गाठ म्हणजे शत्रूने बळकावलेली लसिका ग्रंथी. त्या साथीवर लस काढायला मुंबईत आले ते वाल्देमार हाफकिन, आणि ते ओडेसामधले मेचनिकॉफांचेच विद्यार्थी. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्या नावाची. मेसिनातल्या काट्याचे टोक असे परळपर्यंत पोचलेले आहे.

तर पंचनामा घेऊन डेंड्रिटिक पेशी ग्रंथीत येते, आणि पुढचे दृश्य प्रत्येक महाराष्ट्रीय नागरिकाला तोंडपाठ आहे. तिच्यासमोरून टी-पेशींची रांग सरकत राहते. प्रत्येक टी-पेशीला एकाच विशिष्ट तुकड्याची ओळख असते, दुसऱ्या कशाची नाही. ती येते, टाचलेला तुकडा चाचपते आणि "हे माझ्याकडे येत नाही" म्हणून पुढे जाते. दुसरी येते, तिच्याकडेही येत नाही. लाखातून, कधी दहा लाखांतून एखादी थबकते आणि म्हणते, "हां, हे माझ्याकडे." या शोधाशोधीत दिवस जातात. आपण गोधडीत कण्हत असतो आणि आत फाइल टेबल शोधत असते.

इतक्या टी-पेशी, प्रत्येकीचे ज्ञान वेगळे, हे आधीच कुणी ठरवले? कुणीच नाही. जपानी शास्त्रज्ञ सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवले, की प्रतिपिंडे (रक्ताच्या पाण्यातला विष उतरवणारा गुण तो हाच) बनवणाऱ्या पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापून, फिरवून, नव्याने जुळवतात. टी-पेशीही तेच करतात. त्यातून अब्जावधी नमुने निघतात, ज्यांतल्या पुष्कळांचा जंतू अजून पृथ्वीवर जन्मलाच नसेल. गरज निर्माण होण्याआधी पद मंजूर करणारे हे जगातले एकमेव खाते असावे.

मात्र अशी लॉटरीने झालेली भरती सरळ कामावर घेणे धोक्याचे, कारण काही पेशींना स्वतःच्याच शरीराचे तुकडे ओळखता येतात. म्हणून छातीच्या हाडामागे थायमस नावाची परीक्षा आहे. पहिला पेपर : घरच्या पेशींचे ओळखपत्र वाचता येते का? नाही आले तर मृत्यू. दुसरा पेपर : घरच्यांवर हल्ला करतेस का? बहुधा 'हो' निघाले तर मृत्यू. शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक उमेदवार इथेच संपतात, आणि फेरपरीक्षा नाही. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत पुण्यातल्या पेठांमध्ये खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांनी हा निकाल जरूर वाचावा. तुलनेने आयोग दयाळू वाटेल. आश्चर्य म्हणजे एवढी कडक परीक्षा जिथे चालते त्या थायमसला १९६१पर्यंत कुणी विचारत नव्हते. ज्याक मिलर यांनी त्या वर्षी लंडनमध्ये नवजात उंदरांची थायमस काढून टाकली, तर ते उंदीर परक्या उंदराची कातडीही बिनबोभाट चिकटवून घेऊ लागले. तरीही पीटर मेडावरसारख्या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहिले, की थायमसमध्ये या पेशी असणे हा उत्क्रांतीतला एक बिनमहत्त्वाचा अपघात असावा. मोठ्या साहेबांचा शेरा म्हणून फाइलवर तो अजून आहे.

आता मुख्य गोष्ट. योग्य टी-पेशी सापडली, तुकडा जुळला, ही झाली पहिली सही. एवढ्यावर हल्ला होत नाही. डेंड्रिटिक पेशीने "हा तुकडा मला धोक्याच्या परिस्थितीत सापडला" अशी निराळी खूण दाखवावी लागते. टी-पेशीच्या अंगावरच्या सीडी-२८ नावाच्या खाचेत ती बसली की झाली दुसरी सही. पहिली आहे आणि दुसरी नाही, तर टी-पेशी कामाला लागण्याऐवजी सुस्त होऊन बसते, म्हणजे सक्तीच्या रजेवर जाते. दोन्ही झाल्या तरच ती वाढते, दोनाच्या चार, चाराच्या आठ होते. मग काही मारेकरी होतात आणि विषाणू शिरलेल्या पेशीला "आत्महत्या कर" असा लेखी आदेश बजावतात. काही मदतनीस होतात, आणि त्यांच्यावाचून इतर कुणाचे पान हलत नाही. एचआयव्ही नेमका याच मदतनिसांना गाठतो. बाकी सगळे कर्मचारी शाबूत, जागेवर हजर, आणि तरी काम बंद.

दोन सह्यांची ही कटकट कशाला, एकीवर भागणार नाही का, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. १३ मार्च २००६ रोजी लंडनमध्ये त्याचे उत्तर मिळाले. टीजीएन-१४१२ नावाचे एक नवे औषध सहा निरोगी तरुणांना टोचले गेले. पहिल्या सहीची वाट न पाहता सीडी-२८ची खाच थेट दाबायची, ही त्या औषधाची खुबी. माकडांवर ते सुरक्षित वाटले होते आणि माणसांना दिलेली मात्रा माकडांच्या मात्रेच्या ५००व्या हिश्श्याएवढी होती. दीड तासाच्या आत सहाही जणांना थंडी, ताप, असह्य डोकेदुखी सुरू झाली आणि एकेक अवयव बंद पडत गेला. शरीरातल्या टी-पेशी कुणावर, कशासाठी हे न विचारता एकदम कामाला लागल्या होत्या. सहाही जण वाचले, पण एकाला बोटे गमवावी लागली. आपली प्रतिकारशक्ती खरोखरच, शब्दशः वाढवली तर काय होते, ते त्या दिवशी दिसले.

प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींची हकिकत त्यामानाने कोंबड्यांची आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोंबडीच्या शेपटीजवळची एक पिशवी कशासाठी असते ते शोधत होता. पिलांची पिशवी काढली, ती वाढली, फरक काही दिसेना. प्रयोग फसला असे म्हणत असतानाच टिमोथी चँग या सहकाऱ्याला वर्गात प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, त्याने ग्लिकच्या उरलेल्या नेल्या. त्यांना जंतू टोचले, आणि त्यांतल्या बहुतेकींनी प्रतिपिंडे बनवलीच नाहीत. प्रात्यक्षिक फसल्यामुळे शोध लागला : प्रतिपिंडे करणाऱ्या पेशी त्या पिशवीत तयार होतात. 'सायन्स' या नामांकित नियतकालिकाने निबंध परत पाठवला आणि १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये, कुक्कुटपालकांच्या शेजाराला छापून आला. विसाव्या शतकातला एक मोठा शोध कित्येक वर्षे अंडी आणि खाद्याच्या लेखांत बसून होता. माणसाला ती पिशवी नाही. आपल्या बी-पेशी अस्थिमज्जेतच तयार होतात.

बी-पेशीलाही मदतनीस टी-पेशीची मंजुरी लागते. ती मिळाली की मात्र ती कारखानाच काढते आणि सेकंदाला हजारांच्या घरात प्रतिपिंडे सोडते. पंचनाम्यापासून इथवर यायला साधारण आठवडा जातो. सर्दी औषधाने सात दिवसांत आणि औषधावाचून एका आठवड्यात बरी होते, हे जुने वाक्य विनोद म्हणून सांगितले जाते; प्रतिकारशास्त्राच्या पुस्तकात ते तसेच्या तसे छापायला हरकत नाही.

दरम्यान पेशींमधून सायटोकाइन नावाची परिपत्रके सुटत असतात. त्यांतली काही मेंदूपर्यंत पोचतात आणि तो तापमानाचा काटा वर सरकवतो. अंगात कसर येते, सांधे ठणकतात, तोंडाची चव जाते, पडून राहावेसे वाटते. साध्या सर्दीचा विषाणू नाकाच्या आतल्या अस्तराची फारशी नासधूसही करत नाही. शिंका, पाणी, कणकण हा बहुतेक सगळा आपल्याच कचेरीचा प्रवासखर्च असतो. "विषाणूने हैराण केले" अशी तक्रार करणारा माणूस बऱ्याच अंशी चुकीच्या खात्याविरुद्ध तक्रार करत असतो.

या कारभारात कौतुकाची जागा म्हणजे दप्तर. १७८१ मध्ये अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवर येऊन गेला आणि मग पासष्ट वर्षे फिरकला नाही. १८४६ मध्ये तो परत आला तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,०००च्या आसपास माणसे आजारी पडली. पाहणीला गेलेला तरुण डॅनिश डॉक्टर पीटर पानुम याच्या लक्षात आले, की १७८१ साली ज्यांना लहानपणी गोवर निघाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षांपूर्वीची फाइल, आणि ती वेळेवर सापडली! २००८ मध्ये तर १९१८च्या इन्फ्लुएन्झातून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या ३२ जणांचे रक्त तपासले गेले. नव्वद वर्षांपूर्वीच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आणि ती बनवणाऱ्या पेशी त्यांच्यात अजून मिळाल्या. ज्यांना चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही त्यांच्या पेशींना लहानपणीची साथ आठवत होती.

पण हा गोवर एक वेगळाच इरसाल. तो स्मृती सांभाळणाऱ्या पेशींनाच लागतो. २०१९ साली नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त ताडून पाहिले, तेव्हा त्यांच्याकडची इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेली आढळली. म्हणजे पुरळ मावळते, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते आणि आत निम्मे दप्तर जळालेले असते. लसीने मात्र असे काही होत नाही.

क्षयाच्या जंतूचा मामला उलटा. त्याला मारणे महाभक्षक पेशींना जमत नाही आणि सोडणे परवडत नाही, म्हणून त्याच्याभोवती पेशींची भिंत उभारून प्रकरण 'प्रलंबित' ठेवले जाते. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या अंगात असा क्षयाचा संसर्ग शिरलेला आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. असे प्रकरण पडून आहे का, हे विचारण्याचा रीतसर अर्ज म्हणजे माँटू टेस्ट. हातावर द्रव टोचायचा आणि उत्तरासाठी दोन-तीन दिवसांनी यायचे, कारण टी-पेशी जमायला तेवढा वेळ लागतोच. "आजच कळेल का हो?" या प्रश्नाला कंपाउंडर जे हसतो त्यात पुष्कळ जीवशास्त्र आहे.

कामाचा व्याप पाहता या खात्याने निरुपद्रवी लोकांच्या मागे लागू नये असे कुणालाही वाटेल. पण तसे होत नाही. १९५०च्या दशकात पुण्यात एक पांढऱ्या बारीक फुलांचे तण दिसू लागले. लोक त्याला गाजर गवत आणि काँग्रेस गवत म्हणू लागले. या गवतापासून माणसाला संसर्ग होत नाही, ते अंगात वाढत नाही. तरी त्याच्यातल्या पार्थेनिन या द्रव्याशी काहींच्या टी-पेशींचे असे वाकडे आले, की कातडी खाजून, चिरून, जाड होऊन माणसे वर्षानुवर्षे हैराण झाली. त्याचे परागकण नाकात गेले की वेगळ्या पेशी वेगळे प्रकरण उघडतात आणि शिंकांची माळ लागते. शत्रू कोण हे ठरवण्यात चूक झाली, की कार्यक्षमता हाच रोग होतो. संधिवातात सांध्यांवर, लहान वयात होणाऱ्या मधुमेहात स्वादुपिंडावर हीच कार्यक्षमता चालून जाते.

२०२० मध्ये 'इम्युनिटी वाढवा' ही राष्ट्रीय घोषणा झाली होती, तेव्हा यातले काही कुणाला ऐकायचे नव्हते. काढा होता, हळदीचे दूध होते, ते निदान अनेक पिढ्यांनी सोसलेले होते. मग मिठाईच्या दुकानांत प्रतिकारशक्तीची बर्फी आली, मध्य प्रदेशात मसाल्यांच्या पाण्यातून काढलेल्या साड्या विकायला निघाल्या. साडीमुळे टी-पेशींवर कोणताही परिणाम झाला नाही हे बरेच झाले. लस सोडली तर या जाहिरातींतल्या एकाही वस्तूला कुठली पेशी, किती वाढवायची आणि तिला कोण थांबवणार, हे सांगता येत नव्हते.

थांबवणाऱ्या पेशी असतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. नियामक टी-पेशी म्हणतात त्यांना. यांचे काम इतर पेशींना 'जैसे थे' आदेश देणे. हे घरचे आहे, सोडा. जंतू संपला, आता उठा. त्यांच्यावाचून काय होते हे उंदरांच्या एका वाणात दिसते : कातडी खपलीने भरलेले, जन्मून काही आठवड्यांतच स्वतःच्याच पेशींकडून मारले जाणारे नर. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी चिकाटीने शोधून २००१ साली तो बिघडलेला जनुक हुडकला, आणि तोच जनुक नियामक पेशींचा मुख्य अधिकारी निघाला. ज्यांच्या कामाची कुणाला जाणीवच होत नाही, कारण त्यांनी काम केले की काहीच घडत नाही, अशा या पेशींसाठी ६ ऑक्टोबर २०२५ रोजी तिघांना नोबेल जाहीर झाले.

समितीने रॅम्सडेल यांना फोन लावला, लागेना. ते पत्नी आणि कुत्र्यांसह अमेरिकेतल्या डोंगराळ मुलुखात सुट्टीवर होते आणि त्यांचा फोन विमान मोडवर होता. तासांमागून तास गेले. अखेर पत्नीच्या फोनला रेंज आली, संदेशांचा पाऊस पडला आणि ती किंचाळली. रॅम्सडेल यांना वाटले, अस्वल आले. तिने नोबेल मिळाल्याचे सांगितले, तर त्यांनी आधी ते साफ नाकारले.